मुंबई किती तासांवर? हवाई अंतर आणि प्रवासाच्या वेळेचा हिशोब

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीत एक वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झाले : "आता मुंबई पावणेदोन तासांवर आली, राजेहो!" हे वाक्य खोटे नाही. विमान कंपनीच्या पहिल्या वेळापत्रकात बरोबर तेवढाच वेळ धरलेला होता. परंतु ते वाक्य ऐकले की आमच्या मनात जुनी सवय जागी होते. आम्ही आयुष्यभर कामगार संघटनेत वावरलो. कामगार आणि मालक यांच्यातले तंटे पगाराचे असतात असे लोक समजतात. वस्तुतः त्यांतले पुष्कळसे घड्याळाचे असतात. पाळी कोठून धरायची? फाटकात पाऊल टाकल्यापासून, हजेरी लागल्यापासून, की यंत्रापुढे उभे राहिल्यापासून? दहा-बारा मिनिटांचा फरक, पण हजार माणसांच्या महिन्याच्या हिशोबात तो मोठा होतो. म्हणून कोणी तासांचा आकडा सांगितला की आम्ही आधी विचारतो, "कोठपासून कोठपर्यंत?" आज हाच प्रश्न विमानाला विचारावयाचा आहे.

प्रथम अंतर पाहू. बडनेऱ्याहून आगगाडीने मुंबई सुमारे ६६० किलोमीटर. विमानाचे अंतर किती? हे सांगायला मोठी विद्या लागत नाही. शाळेत पायथागोरसचा सिद्धान्त शिकलेल्या मुलाला पाटीवर काढता येईल, आणि श्रोत्यांपैकी ज्यांना शाळेत गणिताची धास्ती होती त्यांनीही हे एकदा करून पाहावे.

बेलोऱ्याचा विमानतळ सुमारे २०.८१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.७२ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ अक्षांशावर आणि ७२.८७ रेखांशावर. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक १.७२ अंश आणि पूर्व-पश्चिम फरक ४.८५ अंश. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० भाग केले की एक अंश १११ किलोमीटरचा होतो. उत्तर-दक्षिण अंश सगळीकडे जवळजवळ तेवढाच असतो. पूर्व-पश्चिम अंश मात्र विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असला तरी ध्रुवाकडे जाता जाता आखडत जातो. संत्र्याच्या फोडी मध्ये रुंद आणि टोकाला निमुळत्या असतात, तसे. वऱ्हाडात संत्र्याचे उदाहरण द्यायला आम्हांला दुरून काही आणावे लागत नाही. वीस अंशांवर ही फोड शंभराला चौऱ्याण्णव इतकी उरते, म्हणजे अंशाला १०४.३ किलोमीटर. आता गुणाकार करा. १.७२ गुणिले १११ म्हणजे १९१ किलोमीटर. ४.८५ गुणिले १०४.३ म्हणजे ५०६ किलोमीटर. या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या. दोघांचे वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा. उत्तर ५४१ येते. काटेकोर सूत्राने यंत्रावर केले तर ५४२ येते. एका किलोमीटरचा फरक पडला, तो आम्ही सोडून देतो.

भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर बेलोरा आणि मुंबई यांच्यावर पट्टी ठेवली तर ही रेषा बार्शीटाकळीच्या आसपासून निघते, चिखलीजवळून जाते, छत्रपती संभाजीनगराच्या थोडी उत्तरेकडून सरकते आणि संगमनेरवरून कल्याणच्या बाजूने मुंबईत उतरते. आगगाडी अशी जात नाही. ती कसाऱ्याच्या घाटाने वर चढते, मनमाड करून पार भुसावळपर्यंत उत्तरेला जाते आणि तेथून वऱ्हाडात वळते. आगगाडीला घाट, नद्या आणि व्यापार पाहून जावे लागते. त्या पाहण्याची किंमत सव्वाशे किलोमीटर. बार्शीटाकळीचे नाव मात्र श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

हे अक्षांश-रेखांश आम्ही इतक्या सहज घेतले, पण ते कोणीतरी पायांनी मोजून ठेवले आहेत, आणि त्या मोजणीचा आपल्या मुलुखाशी जवळचा संबंध आहे. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक रेषा मोजली. तेवढ्याला ५७ दिवस लागले. त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ही मोजणी ७८ व्या रेखांशाच्या जवळून उत्तरेला सरकत गेली. तो रेखांश अमरावतीच्या पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवरून जातो. वऱ्हाडातले एक गाव त्या मोजणीत आकाशातील ताऱ्यांवरून अक्षांश ठरवण्याचे ठाणे होते; इंग्रजी अहवालांत त्याचे नाव 'टाकल खेरा' असे लिहिलेले सापडते. लॅम्बटन मोजणी करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि तेथेच त्याला पुरले. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले; हिमालयाच्या शिखराला नाव मिळाले ते त्याचे. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवणारे, साखळी ओढणारे, रात्री मशाली धरणारे, तापाने मरणारे खलाशी हजारो होते. त्यांचे नाव कोणत्याही शिखराला नाही. असो.

पाचशे किलोमीटरपर्यंत वरचा हिशोब ठीक चालतो. पण आज अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांत मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, आणि तेथे ही युक्ती उपयोगाची नाही. त्रिकोणाची पाटी सपाट असते, पृथ्वी गोल आहे. लहान तुकड्यात गोलाई जाणवत नाही. पृथ्वीचा मोठा भाग ओलांडायचा म्हटला की ती सगळा हिशोब बिघडवते.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर घेऊ. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यावर पट्टी ठेवली तर सरळ रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक महासागर अशी जाते. त्या रेषेची खरी लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. आता नकाशा बाजूला ठेवा आणि पृथ्वीचा गोल घ्या. बारा इंची गोलाचा घेर ९६ सेंटिमीटर असतो, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४१७ किलोमीटर. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर दाबा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तो आफ्रिकेकडे जातच नाही. मुंबईहून निघून तो वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे वळतो. बलुचिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँड असा चढतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडावर उतरतो आणि तेथून न्यूयॉर्क गाठतो. दोऱ्याची लांबी मोजा : तीस सेंटिमीटर. तिसाला ४१७ ने गुणा : साडेबारा हजार किलोमीटर. नकाशावर सरळ दिसणाऱ्या वाटेपेक्षा गोलावरची ही 'वाकडी' वाट सतराशे किलोमीटरांनी जवळची आहे. पहिल्यांदा अमेरिकेला जाणारे आईबाप विमानातल्या पडद्यावर बर्फाळ प्रदेश पाहून घाबरतात, विमान वाट चुकले की काय म्हणून. ते चुकलेले नसते. त्यांच्या शाळेतला नकाशा ताणलेला होता.

गोलावर दोरा बेधडक जातो, विमानाला मात्र खालच्या देशाची परवानगी लागते. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ साली रशियाने युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. म्हणजे आपल्या दोऱ्याच्या मधला भाग एकाला बंद आणि सुरुवातीचा भाग दुसऱ्याला बंद. त्या वर्षी दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना लांबचा वळसा पडल्यामुळे वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरून इंधन भरावे लागले. दोन शहरे जागची हलली नाहीत, पण त्यांच्यातले उडण्याचे अंतर रातोरात वाढले. म्हणून कोणी हवाई अंतर सांगितले की ते दोऱ्याचे आहे की त्या दिवशीच्या वाटेचे, एवढे विचारून घ्यावे.

आता वेळ. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सर्वांना ठाऊक आहे. अडचण अशी की विमानाचा वेग हवेत मोजतात आणि अंतर जमिनीवर.

पूर्णेला पाणी आहे असे समजा (पावसाळ्यात असते). एक नाव संथ पाण्यात ताशी ५ किलोमीटर चालते आणि प्रवाह ताशी १ किलोमीटर आहे. बारा किलोमीटर प्रवाहाविरुद्ध जायचे तर वेग उरतो ४, वेळ ३ तास. परत येताना वेग ६, वेळ २ तास. एकूण पाच तास. प्रवाह नसता तर जाऊन येऊन २४ किलोमीटरला लागले असते ४ तास ४८ मिनिटे. पुष्कळ लोकांची समजूत असते की जाताना जे गमावले ते येताना मिळते आणि फिट्टंफाट होते. तसे होत नाही. उलट प्रवाहात आपण जास्त वेळ अडकून पडतो, त्यामुळे प्रवाह नेहमी थोडे खातोच. येथे त्याने बारा मिनिटे खाल्ली.

आकाशातही अशी नदी आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर तो ताशी दीडशे किलोमीटरहूनही वेगवान असतो. मोठी जेट विमाने याच उंचीवर उडतात. म्हणून अमेरिकेला जाताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा परत येताना कमी लागतो. फरक साधारण तासाभराचा, कधी अधिक. मुंबईला जाणारे आपले पंख्यांचे विमान त्या मानाने खालून उडते, त्यामुळे त्याला या झोताचा त्रासही थोडा आणि लाभही थोडा.

घड्याळाचा आणखी एक घोटाळा आहे. समजा उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री २ वाजता निघाले आणि तिकिटावर न्यूयॉर्कला पोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी ७॥ लिहिली आहे. साधा माणूस म्हणतो, साडेपाच तासांत अमेरिका! पण तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाने लिहितात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेनऊ तास असते, हिवाळ्यात साडेदहा. साडेपाचात साडेनऊ मिळवले की खरा प्रवास पंधरा तासांचा. परतीच्या प्रवासात तोच फरक वजा करावा लागतो.

एकाच देशात एकच घड्याळ असावे ही सोय तरी कोठे फार जुनी आहे? सूर्याचे ऐकले तर अमरावतीची दुपार मुंबईच्या आधी १९ मिनिटे होते, कारण सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला ८२॥ अंश रेखांशाचे घड्याळ लावले. मुंबईचे स्वतःचे घड्याळ त्याच्या ३९ मिनिटे मागे होते. आकडा लहान दिसतो. पण गिरणीत पहाटे जाणाऱ्याला त्याचा अर्थ होता ३९ मिनिटे आधी, अंधारात उठणे. त्याच महिन्यात मुंबईतल्या एका गिरणीच्या कामगारांनी या नव्या घड्याळाविरुद्ध दंगा केला. अडाणी लोकांना प्रमाणवेळ समजली नाही असे त्याचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते त्यांना ती पुरेपूर समजली होती.

अंतर आणि वेळ यांची सांगड कशी घालतात याचा एक सुंदर नमुना आपल्या शेजारी नागपूरला होऊन गेला. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून एकेक विमान रात्री निघे. चारही नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूरहून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता हजाराच्या आत. अंतरे सारखी नव्हेत, म्हणून निघण्याच्या वेळा मागेपुढे ठेवून पोचण्याची वेळ जुळवावी लागे. दिवसभर लिहिलेले पत्र रात्रीत देशाच्या दुसऱ्या टोकाला जाई. थैली हलवणारा हमाल, गाडीवाला, टपाल निवडणारा कारकून, सगळ्यांची पाळी त्या एका मध्यरात्रीभोवती बांधलेली होती.

तर मग पावणेदोन तास आले कोठून? ५४२ किलोमीटर अंतर, आणि आपल्या मार्गावरचे ए.टी.आर. जातीचे विमान पूर्ण वेगात ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. भागाकार येतो एक तास पाच मिनिटे. उरलेली चाळीस मिनिटे गेली कोठे? काही मिनिटे चढताना आणि उतरताना जातात, कारण तेव्हा वेग कमी असतो. काही वाट वाकडी केल्याने जातात. आकाशातही ठरलेले मार्ग आणि ठरलेली वळणे आहेत. सर्वांत जास्त मुंबईत जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. देशातली मोठी गर्दी एका धावपट्टीवर. उतरण्याआधी आकाशात घिरट्या, उतरल्यावर जमिनीवर रांग. अनुभवी कंपनी हे सगळे आधीच वेळापत्रकात घालून ठेवते. कधी विमान वीस मिनिटे आधी पोचले की प्रवासी खूश होतात; ती वीस मिनिटे त्यांच्याच खिशात आधी घातलेली होती.

बैलगाडी उतारावर उभी केली की चाकाखाली दगडाची उटी लावतात. विमानाच्या चाकांनाही तसे ठोकळे लावतात. ठोकळे निघून विमान हलले की घड्याळ सुरू, मुक्कामी चाके थांबून ठोकळे लागले की घड्याळ बंद. कंपनीचे पावणेदोन तास म्हणजे या दोन ठोकळ्यांमधला वेळ. ही मोजणी प्रवाशापुरती सोयीची आहे. पण विमानात काम करणाऱ्यांचा पगारही जेव्हा याच घड्याळाने मोजतात, तेव्हा आमच्या ओळखीचा तंटा सुरू होतो.

हवाई सेविका विमान हलण्याच्या तासभर आधी कामावर आलेली असते. सामान तपासणे, प्रवासी बसवणे, म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर चढवणे, रडणारी मुले सांभाळणे, हे सगळे ठोकळे लागलेले असतानाच होते. जगातल्या अनेक कंपन्या या वेळाचा पगार देत नसत किंवा नाममात्र देत. १६ ऑगस्ट २०२५ रोजी कॅनडातील एअर कॅनडा कंपनीच्या दहा हजारांहून अधिक विमानसेवकांनी मुख्यतः याच प्रश्नावर संप केला. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम काढला, तो त्यांनी झुगारला. चौथ्या दिवशी तडजोड झाली आणि जमिनीवरच्या कामाला तासाच्या दराच्या निम्म्यापासून का होईना, मोल मिळाले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे मागितले त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे अशीही मागणी होती. १० जून १८९० ला रविवार मिळाला. घड्याळाची दोन्ही टोके कामगाराने मागितली, त्याला आता सव्वाशेच्या वर वर्षे झाली, आणि तीच मागणी आज पंख असलेल्या गिरणीत चालू आहे.

वैमानिकांचेही तसेच. त्यांच्या बाबतीत केवळ उड्डाणाचे तास मोजून भागत नाही, कारण थकवा येतो तो कामावर आल्यापासून. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात माणसाचे डोळे मिटू लागतात, हे रात्रपाळीच्या प्रत्येक कामगाराला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. भारत सरकारच्या विमान खात्याने नवे नियम केले : १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीच्या उतरणींवर अधिक कडक मर्यादा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या हिशोबाला पुरतील इतके वैमानिक तिच्यापाशी नव्हते. स्थानकांवर अडकलेले प्रवासी चिडले, ते साहजिक आहे. पण नियम दोन वर्षे आधी लिहिलेला होता, आणि तो न लिहिण्याची किंमत एखाद्या पहाटे धावपट्टीवर द्यावी लागली असती.

आता प्रवाशाचे घड्याळ घराच्या उंबरठ्यावर सुरू करू. अमरावतीच्या मध्यवस्तीतून बेलोऱ्याला अर्धा तास. विमानापूर्वी तास-सव्वा तास पोचावे लागते. ठोकळ्यांमधले पावणेदोन तास. मुंबईत बाहेर पडून सामान घ्यायला अर्धा तास. तेथून परळ-लालबागला गर्दीच्या वेळी एक तास. बेरीज पाच तास, त्यांतले हवेतले जेमतेम सव्वा-दीड. पाचशे बेचाळीस किलोमीटरला पाच तास म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. ताशी पाचशेचे विमान अमरावतीच्या माणसाला प्रत्यक्षात एवढेच देते. तरी आगगाडीच्या मानाने ते पुष्कळ आहे. अमरावती एक्सप्रेसला नुसत्या रुळांवर साडेदहा-अकरा तास लागतात.

परंतु तासातासांत फरक असतो. आम्ही परळ म्हणालो ते विचारपूर्वक. वऱ्हाडातून मुंबईला जाणाऱ्यांत टाटा रुग्णालयात जाणारे पुष्कळ असतात. रोग्याला तेथे सकाळी रांगेत हजर व्हायचे असते. आगगाडी संध्याकाळी निघते, रात्र झोपेत जाते (पथारी मिळाली तर), आणि सकाळी माणूस दादरला उतरून रांगेत उभा राहतो. त्या अकरा तासांत त्याचा दिवसाचा रोज बुडत नाही आणि मुंबईत रात्रीच्या मुक्कामाचे भाडे पडत नाही. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे विमान दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी अमरावतीहून निघे आणि ६ वाजून २५ मिनिटांनी मुंबईला पोचे. म्हणजे विमानाने गेलेल्याला दिवसाचा रोज गेला, रात्रीचा मुक्काम आला, आणि रांगेत तो आगगाडीवाल्याच्या शेजारीच सकाळी उभा! शिवाय ते विमान आठवड्यातून तीनच दिवस होते. मंगळवारी काम निघाले तर बुधवारपर्यंतचा वेळही प्रवासाच्या वेळातच धरावा लागतो. खटल्यासाठी जाणारा वकील, सौद्यासाठी जाणारा कापसाचा व्यापारी यांचा हिशोब निराळा आहे, त्यांना हे विमान खरोखर वेळ देते. ज्याला बसवत नाही, ज्याच्या हाडांना आगगाडीचे हिसके सोसत नाहीत, त्या रोग्यालाही देते. सरसकट सगळ्यांना देते असे मात्र नव्हे.

राहिला अकोल्याचा प्रवासी. अकोल्याला शिवणीचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून आहे, पण धावपट्टी अपुरी आणि ती वाढवायला लागणारी जागा कृषी विद्यापीठाची, या तिढ्यात तो वर्षानुवर्षे पडून राहिला. म्हणून अकोल्याच्या माणसाला विमान धरायचे तर आधी मोटारीने मुंबईकडे पाठ करून पूर्वेला नव्वदएक किलोमीटर बेलोऱ्याला जावे लागते, दोन तास. मग विमान त्याला घेऊन उडते आणि त्या सरळ रेषेने गेले तर दहा-बारा मिनिटांनी बार्शीटाकळीवर येते, त्याच्या स्वतःच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. दोन तासांत जे अंतर तो उलट गेला ते विमानाने दहा मिनिटांत फेडले. अकोला ते मुंबई सरळ अंतर ४६८ किलोमीटर, अमरावतीपेक्षा चौऱ्याहत्तरने कमी. आणि दारापासून दारापर्यंत वेळ साडेसहा तास, अमरावतीपेक्षा दीड तासाने जास्त. ताशी ७२ किलोमीटर. अकोल्याहून आगगाडीला साडेआठ-नऊ तास लागतात आणि ती स्टेशनावर रोज येते. शिवणीची धावपट्टी उद्या लांब झाली आणि विमान तेथून सुटू लागले, तर या साडेसहा तासांतले दीड तास कमी होतील. तपासणीचे, मुंबईच्या आकाशातल्या घिरट्यांचे आणि परळच्या रस्त्यावरचे बाकीचे पाच तास आहेत तेथेच राहतील.